अडथळा आणि अडवणूक

सुखाच्या मागें धांवणारा मनुष्य खेळाच्या वेळीं मात्र आपण होऊन अडचणींची तजवीज करतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. चेंडू खळग्यांत टाकावयाचा एवढाच गोल्फचा हेतु असता, तर सपाट माळावर तो सहज साधला असता. परंतु खेळणारांचें तेवढ्यानें समाधान होत नाहीं. वाटेंत वाळूचे खड्डे असावेत, जमिनीला चढउतार असावेत, असा त्यांचाच आग्रह असतो. ब्रिटनमध्यें व अमेरिकेंत तर अशीं मित्रमंडळें आढळतात, कीं जीं वर्षांतून एकदां घरदार व कचेरी सोडून एखाद्या नामांकित मैदानावर जमतात, दिवसभर खेळतात, आणि रात्रीं जेवणाच्या मेजाभोंवतीं, कोण जिंकला हें विसरून, अमुक खड्डा अमुक जागीं कां, व तो न्याय्य आहे कीं नाहीं, ह्यावर हिरिरीनें वाद घालतात. मैदानाची रचना ही त्यांच्या लेखीं एक कलाच आहे. रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून वाचकांनीं हंसण्यापूर्वीं आम्ही त्यांस एवढेंच सुचवूं, कीं ह्या वादाच्या मुळाशीं असलेला प्रश्न तुम्हां-आम्हां सर्वांचा आहे. दुसऱ्याच्या वाटेंत अडचण उभी करावयाची झाल्यास ती कशी असली म्हणजे न्यायाची ठरते, हा तो प्रश्न होय.

ह्या वादांत दोन पक्ष पूर्वापार आहेत. पहिल्या पक्षाचें म्हणणें असें, कीं चूक झाली म्हणजे शिक्षा झालीच पाहिजे. अमेरिकेंत पिट्सबर्गजवळ हेन्री फाउन्स ह्या लोखंडाच्या कारखानदारानें १९०३ सालीं ओकमाँटचें मैदान आंखलें, तें ह्याच वृत्तीनें. तेथील वाळूंत एके काळीं जड दांताळ्यानें खोल चर पाडून ठेवीत. हेतु हा, कीं आंत पडलेला चेंडू सुखासुखीं बाहेर निघूं नये.

दुसऱ्या पक्षाचें दैवत म्हणजे स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज येथील 'ओल्ड कोर्स'. तें कोणा एका रचनाकाराचें काम नव्हे. समुद्रकांठची वाळू, वारा आणि शेंकडों वर्षांचा वापर ह्यांनीं मिळून तें घडविलें. तेथील ११२ खड्ड्यांपैकीं कित्येक प्रथम दिसतच नाहींत, आणि कांहीं तर ऐन वाटेच्या मध्यावर आहेत. सोळाव्या खळग्याच्या वाटेंत तीन खड्ड्यांचा एक पुंजका आहे. त्याच्या उजवीकडून अरुंद पट्टी जाते; तिकडून गेल्यास पुढचा टोला सोपा, पण चेंडू जरा सरकला कीं मैदानाबाहेर. डावीकडे ऐसपैस जागा आहे, पण तेथून पुढचें काम कठीण. हा खड्डा खेळणाराला थांबवीत नाहीं. तो त्यास त्याच्या बळाचा व धैर्याचा हिशेब विचारतो. बलवान व दुर्बल दोघांनाही वाट आहे; मात्र ती ज्याची त्यानें निवडली पाहिजे.

ह्यांत दैवाचा भाग नाहीं असें नव्हे. बुद्धिबळांत दैवाला जागा नाहीं, सारीपाटांत दान पडेल तसें खेळावें लागतें. गोल्फ ह्या दोहोंच्या मधला. बॉबी जोन्स हा अमेरिकन खेळाडू १९२१ सालीं, वयाच्या १९ व्या वर्षीं, सेंट अँड्र्यूजला प्रथम खेळला, तेव्हां अकराव्या खळग्याजवळच्या वाळूंत अडकून त्यानें रागानें स्पर्धा अर्ध्यावर सोडली. पुढें तेथेंच त्यानें १९२७ व १९३० सालीं अजिंक्यपदें मिळविलीं, आणि १९५८ सालीं त्या नगरानें त्यास मानाचें नागरिकत्व दिलें. मधल्या काळांत खड्डे बदलले नव्हते. जोन्स बदलला होता. ज्या अडचणीशीं झगडून मनुष्य वाढतो, तिलाच आम्ही अडथळा म्हणतों. परीक्षा घेणारे गुरुजी व मुलांना शिस्त लावणारे आईबाप ह्यांनींही हीच कसोटी लावून पाहावी.

परंतु खरा पेंच ह्यापुढेंच आहे. जोन्सनें अ‍ॅलिस्टर मॅकेंझी ह्या मूळच्या डॉक्टराच्या साह्यानें अमेरिकेंत ऑगस्टा येथें मैदान रचलें. १९३३ सालीं तें सुरू झालें. सामान्य खेळाडूला वाट मोकळी असावी आणि निष्णाताची मात्र कसोटी लागावी, हें सेंट अँड्र्यूजचें तत्त्व त्यांनीं तेथें उतरविलें. मैदान इतकें उदार. पण त्याचें फाटक? त्या क्लबांत पहिला कृष्णवर्णीय सभासद आला १९९० सालीं, आणि पहिल्या स्त्रिया २०१२ सालीं. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या क्लबानेंही स्त्रियांना सभासदत्व देण्याचें ठरविलें तें २०१४ सालीं. खड्डा विचारतो, तूं काय करूं शकतोस? फाटक विचारीत होतें, तूं कोण आहेस? पहिल्या प्रश्नाला अभ्यासानें उत्तर देतां येतें, दुसऱ्याला जन्मभर कष्ट करूनही येत नाहीं. अडथळा आणि अडवणूक ह्यांतला भेद तो हाच.

कोणी म्हणेल, खासगी मंडळीनें आपल्या पंक्तीला कोणास घ्यावें हा तिचा प्रश्न. पंक्तीपुरतें तें आम्हांस मान्य आहे. पण जेथें १९३४ पासून भरणाऱ्या स्पर्धेकडे जगाचे डोळे लागतात, तें स्थान चार मित्रांचें जेवणघर राहत नाहीं. शिवाय फाटकावांचूनही मैदान टिकतें, ह्याचा दाखला सेंट अँड्र्यूजनेंच दिला आहे. तेथील जमिनीवर खेळण्याचा गांवकऱ्यांचा हक्क १५५२ च्या सनदेंत नमूद आहे. १७९७ सालीं कर्जबाजारी नगरसभेमुळें ती जमीन हातची गेली व सशांच्या व्यापाऱ्यांच्या ताब्यांत आली. १८२१ सालीं जेम्स चीप ह्या जमीनदारानें ती विकत घेऊन खेळ वांचविला, आणि १८९४ च्या कायद्यानें ती पुन्हां नगराची झाली. आज तेथें पुष्कळांचा नंबर चिठ्ठ्या काढून लागतो. फी मोठी आहे, आणि पैसा हेंही एक फाटकच, हें आम्ही नाकारीत नाहीं. तरी एरव्हीं रविवारीं तेथें खेळ बंद असतो, आणि गांवांतलीं मुलेंमाणसें त्याच हिरवळीवरून फिरावयास जातात.

म्हणून दरवर्षीं जमणाऱ्या त्या रसिक मंडळींस आमचें एकच सांगणें आहे. खड्ड्याच्या न्यायावर त्यांनीं रात्र रात्र वाद अवश्य घालावा, तो वाद सुसंस्कृत मनाचें लक्षण आहे. मात्र त्याआधीं, ज्या फाटकांतून आपण आंत आलों, त्याच्या बाहेर कोण उभें आहे, हेंही एकदां पाहून घ्यावें.