ऋण सोडताना

वडिलांच्या माघारी माझ्या थोरल्या भावानं राहतं घर परस्पर विकलं. आईचं शेवटचं वर्ष भाड्याच्या एका खोलीत गेलं. तिला मातीआड करून परतलो त्याच संध्याकाळी मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी माझा हात धरला. "बाई, सोडून दे आता. आपण ख्रिस्ताची माणसं." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्या रात्री प्रभूची प्रार्थना माझ्याच्यानं पुरी झाली नाही. क्षमेच्या ओळीशी जीभ अडली.

मत्तयाच्या शुभवर्तमानात त्या ओळीत शब्द आहे तो 'ऋण'. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही देणं असाच. त्या शब्दानंच पुढं मला धीर दिला. ऋण सोडायचं तर ते किती हे आधी मांडावं लागतं. "जाऊ दे, झालं ते झालं" म्हणणारा ऋण सोडत नाही, वही लपवतो. माझ्या वहीत घराची किंमत नव्हतीच. आईचं एक वर्ष होतं.

योसेफाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. प्रवचनं बहुधा थेट त्या गळाभेटीवर जातात आणि उत्पत्तीचे 42 ते 44 हे अध्याय घाईनं उरकतात. मला तेच अध्याय पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटतात. 17 वर्षांच्या पोराला भावांनी खड्ड्यात टाकलं, बाजूलाच बसून भाकर खाल्ली आणि 20 शेकेल चांदीला त्याला विकलं. बावीसएक वर्षांनी तेच भाऊ दुष्काळात धान्यासाठी मिसरात त्याच्यापुढं वाकले. योसेफानं त्यांना लगेच मिठी मारली नाही. हेर म्हणून धरलं, शिमोनाला अडकवून ठेवलं. तो दुभाष्यामार्फत बोलत होता. त्याला आपली भाषा कळत नाही अशा समजुतीत भाऊ आपसांत बोलू लागले, की तो गयावया करत होता आणि आपण ऐकलं नाही. योसेफ बाजूला जाऊन रडला. आपलं दुःख त्यांनाही आठवतं, हे त्याला तेव्हा कळलं.

पुढं धाकट्या भावाच्या, बन्यामिनाच्या गोणीत योसेफाचा प्याला सापडला. आता याला सोडून भावांना निघून जाता आलं असतं. पण विकण्याची कल्पना ज्याची होती तो यहूदाच पुढं आला आणि धाकट्याच्या जागी गुलाम व्हायला तयार झाला. योसेफाचा बांध फुटला तो इथं. आणि तेव्हाही, ज्याला तुम्ही विकलंत तोच मी, असं त्यानं तोंडावर सांगितलं.

आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांची वाटही सोपी नव्हती. 1895 मध्ये पती नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तो लक्ष्मीबाईंना मोठाच घाव होता. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं लगेच सोडलं नाही. 'स्मृतिचित्रे'मध्ये हा सल त्यांनी झाकलेला नाही, आणि नवऱ्यावरची मायाही झाकलेली नाही.

म्हणून मार खाणाऱ्या बाईला "क्षमा कर" म्हणत पुन्हा त्याच घरात पाठवणाऱ्यांचा मला राग येतो. किती वेळा क्षमा करावी, हे पेत्र मत्तयाच्या 18 व्या अध्यायात विचारतो. त्याच अध्यायात त्याआधी येशूनं सांगितलंय, की भावाचा अपराध त्याला एकांतात दाखव, नाहीच ऐकलं तर साक्षीदार ने, मग मंडळीला सांग. गप्प बस, असं तिथं कुठंही नाही. ऋण सोडलं म्हणजे पुन्हा उसनं द्यायलाच हवं असंही नाही.

योसेफाचा बाप याकोब मिसरात 17 वर्षं जगला. तो गेल्यावर भाऊ पुन्हा घाबरले, योसेफ आता सूड घेईल म्हणून त्यांनी क्षमेची विनवणी केली. योसेफ पुन्हा रडला. त्या विनवणीत क्षमेसाठी जे हिब्रू क्रियापद आहे, त्याचा मूळ अर्थ उचलणं, वाहणं. 17 वर्षं तो वाहतच होता, आणि त्यांना ते दिसलं नव्हतं.

मी भावाला पत्र लिहिलं. आईचं ते वर्ष महिन्यामहिन्यानं मांडलं. खाली लिहिलं, की हे तुझ्याकडून मला परत नको. शेताच्या कागदांवर त्याच्यासोबत सही मात्र मी अजून करत नाही. दोन वर्षं उत्तर नव्हतं. गेल्या नाताळात तो आला, करंजी हातात धरून बराच वेळ बसला, आणि मग विचारलं, आईची ती खोली कुठं होती. मी चपला घातल्या आणि त्याला तिकडं घेऊन गेले.