पुन्हा गाडीवर बसताना

गाडी मधल्या स्टँडवर लावा. आज कुठेही जायचं नाही, त्यामुळे किल्ली खिशातच राहू द्या. सीटवर बसा. दोन्ही पाय टेकवा, हात मांडीवर ठेवा, आणि थोडा वेळ नुसते बसून राहा.

डॉक्टरांनी अपघातानंतरचा एक्स-रे पाहून 'आता हरकत नाही' म्हटलंय. गाडीवरून पडणाऱ्यांचं गळ्याजवळचं हाड बऱ्याचदा मोडतं; तेही साधारण दीड ते तीन महिन्यांत सांधतं. भीतीला अशी मुदत नसते. घरातले कुणी म्हणाले असतील, 'विकून टाक ती गाडी.' मित्र म्हणाले असतील, 'लगेच बस, भीती मोडते.' दोघांचाही जीव तुमच्यात गुंतलाय. आत्ता दोघांचंही बाजूला ठेवा.

आता हात हँडलवर आणा. घाई नको.

कुठे काय घट्ट झालं ते बघा. बोटं? मनगटं? खांदे कानांकडे सरकले का? दातांवर दात बसले का? श्वास अडकला असेल तर तो ओढून घेऊ नका, आधी सोडा. सावकाश, घेतला त्यापेक्षा जास्त वेळ घेऊन सोडा. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. आपल्या देहाची घडणच तशी आहे. त्यासाठी धीट असावं लागत नाही.

हे घट्ट होणं म्हणजे दुबळेपणा नाही. मेंदूत अमिग्डाला नावाचा, बदामाएवढा भाग आहे. ज्या क्षणी गाडी हातातून गेली, त्या क्षणाचं सगळं त्याने एकत्र बांधून ठेवलं: ओल्या डांबराचा वास, मागून आलेला टेम्पोचा हॉर्न, उतारावरचं ते वळण. आता यांतलं एक जरी समोर आलं, तरी तुम्ही विचार करण्याआधीच तो हात आवळायला लावतो. तुमचा जीव वाचावा म्हणूनच तो हे करतो. त्याच्यावर चिडू नका.

आणि तो हे विसरेल याची वाटही पाहू नका. पावलोव्हच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना ठरावीक आवाजामागून अन्न येतं हे कळलं, की आवाज ऐकताच लाळ सुटायची. मग अन्न न देता नुसता आवाज ऐकवत राहिलं की ती थांबायची. पण मध्ये काही काळ विश्रांतीचा गेला, की तोच आवाज ऐकून लाळ पुन्हा यायची. जुनं शिकणं पुसलं गेलेलंच नव्हतं. त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी नव्याने शिकलं गेलं होतं. मला यात मोठा दिलासा वाटतो. महिनाभर गाडी नीट चालवल्यावर एखाद्या दिवशी अचानक हात थरथरले, तर सगळं वाया गेलं असं समजायचं कारण नाही. जुनं वर आलंय, नवंही तिथेच आहे.

एक श्वास. सावकाश सोडा.

आता गाडीकडे बघा, एखाद्या जाणत्या मेकॅनिकसारखं. पुढचा चिमटा सरळ आहे ना? हँडल एका बाजूला ओढत नाही ना? कधीकधी भीती खरंच बोलत असते आणि वाकलेला चिमटा तीच आधी ओळखते. पडताना डोक्यात असलेलं हेल्मेट मात्र बदला. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच चेपला जाऊन मार झेलण्यासाठी असतो. बाहेरून चरा नसला तरी त्याचं काम झालेलं असू शकतं.

दुसऱ्या दिवशी, किंवा त्यापुढच्या आठवड्यात, किल्ली लावा. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा. थरथर मांड्यांपर्यंत येऊ द्या. तेवढं पुरे वाटलं तर बंद करा आणि घरात जा.

मग कधीतरी सोसायटीतल्या रिकाम्या रस्त्यावर, सकाळी लवकर, फर्स्टमध्ये. इथे हातांकडे पुन्हा या. चालण्याच्या वेगाहून थोडी पुढे गेली की गाडी बरीचशी स्वतःच तोल सावरते. पुढचं चाक बारीकबारीक हलून तिला सरळ ठेवत असतं. घाबरलेले हात तेच हलणं थांबवतात. पतंगाचा मांजा जसा धरतो, सुटणार नाही पण ओढलाही जाणार नाही, तसं हँडल धरा. गुडघ्यांनी टाकी आवळा, म्हणजे हातांना मोकळं होता येईल.

नजर कुठे आहे? भ्यालेली नजर खड्ड्याला चिकटते, आणि गाडी नजरेमागे जाते. खड्डा बघा, बघितलाय हे मनाशी म्हणा, आणि डोळे त्याच्या बाजूच्या चांगल्या रस्त्यावर न्या. वळणावर हनुवटी वळणाच्या शेवटाकडे फिरवा. माझ्या मते परत येणाऱ्या विश्वासाचा मोठा हिस्सा इथेच आहे. अपघातानंतर लक्ष आतल्या धडधडीत अडकून पडतं. ते पुन्हा रस्त्यावर येऊ लागतं, तेव्हा भीती शिल्लक असूनही गाडी नीट चालते.

ब्रेकशी सावकाश ओळख करून घ्या. आपल्याकडे बहुतेकांना कुणीतरी शिकवलेलं असतं की पुढचा ब्रेक मारू नको, उलटा पडशील. खरं तर ब्रेक लागला की बराच भार पुढे येतो. पुढच्या टायरची पकड वाढते आणि थांबवण्याचं मुख्य काम तोच करतो. नुसता मागचा जोरात दाबला तर चाक अडकून घसरतं. मोकळ्या मैदानावर, सरळ रेषेत, दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाब वाढवत लावून बघा. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना चाक अडकू न देणारं एबीएस सक्तीचं आहे. तुमच्या गाडीला असेल तर ते काम करतानाचं लिव्हरचं धडधडणं एकदा हाताला कळू द्या. ताशी 40 च्या वेगात तुम्ही सेकंदाला सुमारे 11 मीटर पुढे जाता, म्हणजे ब्रेकवर बोट जाईपर्यंतच एवढी जागा संपलेली असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर लागणारं अंतर चौपट होतं. ही आकडेमोड भीती घालायला सांगत नाही. पुढच्या रिक्षापासून किती लांब राहायचं हे एकदा कळलं, की छातीतलं ओझं थोडं त्या अंतरावर ठेवता येतं.

पाऊस सगळ्यात शेवटी. पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून निसरडं होतं. झेब्रा क्रॉसिंगचा रंग आणि ड्रेनेजचं लोखंडी झाकणही. कात्रजच्या घाटात वळणावर बारीक खडी असू शकते, ओल्यात ती पटकन दिसत नाही. वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी करा.

जिथे पडलात त्या जागी जायचं का? मला वाटतं, जावं. सोसायटीच्या रस्त्यावर शिकलेलं सिंहगड रस्त्यावर आपोआप पोचत नाही, भीती जागेला धरून असते. आधी कुणाच्या तरी गाडीत मागे बसून जा, मग पायी, मग रविवारी सकाळी स्वतः. पण प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येत असेल, झोप मोडत असेल, आणि महिना उलटूनही ते ओसरत नसेल, तर हे एकट्याने करू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, टेलि-मानस या मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. आणि हे सगळं करूनही बसनेच जावंसं वाटलं, तर तेही तितकंच बरोबर आहे.

मागच्या सीटचं राहिलं. तुम्ही पडलात तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर कुणीतरी रात्र काढली होती. तुमचे हात सैल झाले तरी त्यांचे झाले असतीलच असं नाही. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालताना त्यांचा चेहरा बघा, आणि बसायला सांगण्याआधी विचारा. 'नको' म्हटलं तर आग्रह करू नका. काही आठवड्यांनी पुन्हा विचारा.