रविवारची चूल

मनुष्याच्या सुखांची वंशावळ शोधू गेल्यास त्यांपैकी बहुतेकांचा मूळपुरुष कोणती तरी अडचण हाच निघतो. शिकार ही एके काळी पोटाची निकड होती, ती पुढे राजांची क्रीडा झाली. नाव वल्हविणे हा नदीकाठच्या माणसाचा नित्याचा व्यवसाय होता, त्याची विद्यापीठांतून शर्यत झाली. मांस धुरावर धरण्याची गोष्टही अशीच आहे. बर्फाची पेटी नव्हती त्या काळी मारलेले मोठे जनावर एका दिवसात संपत नसे, आणि पुष्कळ दिवस टिकतही नसे. म्हणून त्यास मीठ चोळून मंद धुरात टांगून ठेवीत. उष्णतेने व धुराने त्यातील ओलावा आटे, धुरातील द्रव्ये सडविणाऱ्या जंतूंची वाढ रोखीत, आणि हिवाळ्याची बेगमी होई. पुढे शीतपेट्या आल्या व टिकविण्याची गरज सरली. परंतु जिभेस लागलेली धुराची गोडी सरली नाही. आज पश्चिमेकडील कित्येक गृहस्थ शनिवारी पहाटे उठून परसातील भट्टी पेटवितात आणि मांसाचा एक खांड दहा-बारा तास धुरात राखीत बसतात, ते भुकेपोटी नव्हे. गरज मेली, आणि तिची चव तेवढी वारसांच्या हाती राहिली.

आमच्या वर्धा जिल्ह्यात मांस असे दिवसभर धुरविण्याचे प्रस्थ नाही. तथापि ज्या वृत्तीतून ती हौस जन्मास आली ती वृत्ती आता येथेही परकी राहिलेली नाही. घरी गॅसची शेगडी असून रविवारी मुद्दाम कोणाच्या तरी शेतावर जावे, बांधावर तीन दगड मांडावे, लाकडे पेटवावी आणि त्यावर मटणाचे पातेले चढवावे, हा कार्यक्रम वर्ध्यापासून हिंगणघाटापर्यंतच्या नोकरदार मंडळींस चांगला परिचयाचा आहे. हमरस्त्याने जावे तर ‘चुलीवरचे मटण’ अशा पाट्या भोजनगृहांवर झळकताना दिसतात. जणू चूल हाच पदार्थ आणि मटण हे त्याचे निमित्त! ज्यांस मांस वर्ज्य, त्यांच्यासाठी हिवाळ्यात हुरडा आहे. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे आणि वांग्याचे भरीत आहे. शहरांत तर गच्चीवर कोळशाची शेगडी आणि लोखंडी सळया ठेवणे हे हौशी घराचे लक्षण मानले जाऊ लागले आहे.

या निरुपद्रवी दिसणाऱ्या करमणुकीतून एक प्रश्न उद्भवतो, आणि तो आम्हांस वाटतो तितका लहान नाही. जे काम एकाच्या जन्माचे कष्ट आहेत, ते दुसऱ्याने सुटीचा विरंगुळा म्हणून करावे, यात काही नैतिक दोष आहे काय? आणि त्या विरंगुळ्यात एका मुक्या जिवाचा प्राण खर्ची पडत असेल, तर उत्तर बदलते काय?

या प्रश्नास दोन उत्तरे तत्काळ मिळतात, आणि ती दोन्ही आम्हांस अपुरी वाटतात. पहिले उत्तर असे की, हौसेला मोल नसते. ज्याने आपल्या पैशाने आपला वेळ घालविला त्यास जाब विचारणारे आपण कोण? दुसरे उत्तर वैराग्याचे. वर्ध्यास ते फार दूरचे नाही. ज्या सेवाग्रामात गांधीजी १९३६ साली राहावयास आले, तेथील आश्रमीय जीवन ज्या एकादश व्रतांवर उभारलेले होते त्यांत ‘अस्वाद’ हे एक व्रत आहे. अन्न औषधाप्रमाणे घ्यावे, चवीसाठी नव्हे, असा त्याचा आशय. या दृष्टीने पाहता रविवारची चूल पेटण्यापूर्वीच विझते. परंतु व्रत हे घेणाऱ्याचे असते; ते न घेणाऱ्यावर त्याचा दंड बसविता येत नाही. शिवाय त्याच यादीत ‘अस्वादा’च्या लगत ‘शरीरश्रम’ हे व्रत आहे, हे विसरून चालणार नाही. चुलीपुढे बसून डोळे चोळीत लाकडे सारणारा आमचा कारकून किंवा प्राध्यापक एका व्रताचा भंग करीत असता दुसऱ्याच्या उंबरठ्यावर येऊन बसलेला असतो. मौज ही आहे की त्यास दोहोंपैकी कशाचीच जाणीव नसते.

तेव्हा प्रश्न स्वादाचा नसून श्रमाचा आहे, आणि धुराचा आहे. याच वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले. कुमारप्पांसारखा परदेशी शिकलेला अर्थशास्त्रज्ञ तेथे तेलाची घाणी, हातकागद, गूळ, मधमाश्या यांचा विचार करीत बसला. आणि त्याच प्रयत्नांच्या ओघात स्वातंत्र्याच्या सुमारास ‘मगन चूल’ या नावाची सुधारलेली चूल पुढे आली. तिचा हेतू एकच होता: स्वयंपाकघरातील धूर धुराड्यावाटे बाहेर जावा आणि घरधनिणीचे डोळे व छाती वाचावी. म्हणजे ज्या गावात विद्वानांनी धूर घालविण्यासाठी बुद्धी वेचली, त्याच गावाच्या शिवारात आज विद्वानांचे वारस धूर शोधीत हिंडत आहेत! धुराची ही कथा संपलेलीही नाही. घरगुती इंधनाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे बत्तीस लक्ष माणसे अकाली मरण पावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू होऊन कोट्यवधी घरांत गॅसची टाकी पोहोचली हे खरे. परंतु टाकी पुन्हा भरून घेण्याचे पैसे ज्या घरी नाहीत तेथे पऱ्हाटीच्या काड्या आणि गोवऱ्याच जळतात. त्या घरातील बाईस ‘चुलीवरची चव’ ही पाटी वाचून दाखविली तर ती काय म्हणेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

पश्चिमेकडील इतिहासही याहून निराळा नाही. ‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियन बेटांतील मूळ रहिवाशांचा. विस्तवावर उंच मांडलेल्या काटक्यांच्या चौकटीस स्पॅनिश लोकांनी तिकडूनच ‘बार्बाकोआ’ हे नाव उचलले. पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात मळेवाल्यांच्या मोठमोठ्या मेजवान्या या पद्धतीने होऊ लागल्या. लांब चर खणून, लाकडे जाळून, रात्रभर निखारे सारीत डुकरे भाजण्याचे काम गुलाम करीत, आणि स्वातंत्र्याच्या वर्धापनदिनाची भाषणे ऐकत ते मांस मालक खात. आज जी विद्या हौशी मनुष्य मोठ्या अभिमानाने मिरवितो, ती अशा रीतीने ज्यांना निजण्याचीही मुभा नव्हती त्यांच्या जाग्रणातून सिद्ध झालेली आहे. त्याने मांस खाऊ नये असे यावरून निष्पन्न होत नाही. परंतु विद्येचा ऋणको कोण आणि धनको कोण हे त्याने जाणावे, एवढे तर निष्पन्न होतेच.

येथे हौसेच्या बाजूने जे सांगता येईल ते न सांगणे अन्यायाचे होईल. सक्ती निघून गेल्यावर कामात जो आनंद उरतो तो खोटा नसतो. किंबहुना काम म्हणजे काय हे त्या वेळीच प्रथम कळते. दिवसभर कागद चाळणाऱ्या मनुष्यास निखारा फुंकताना जे समाधान वाटते, त्यात त्याचा हात बुद्धीस पुन्हा भेटत असतो. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमची जी कल्पना मांडली गेली तिचा गाभा हाच होता, की हातास काम नसेल तर बुद्धी पांगळी राहते. आणखी असे की, जगातील कित्येक कला श्रीमंतांच्या हौसेनेच जिवंत राहिल्या आहेत. आज ज्वारीच्या जागी सोयाबीन आले आहे. हुरड्याची हौस नसती तर कोवळे कणीस भाजून ते हातावर चोळावे कसे हे पुढच्या पिढीस कोणी शिकविले असते?

हे सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु वकिलाने हाती घेतलेला चरखा आणि त्याच वकिलाने रविवारी पेटविलेली चूल यांत एक अंतर आहे. चरखा कातणारा दुसऱ्याच्या कष्टात सामील होण्यासाठी कातीत असे, आणि कंटाळा आला तरी कातीत असे. हौशी मनुष्य कष्टांतून गोड तेवढे निवडून घेतो. लाकडे कोणी तरी फोडून ठेवलेली असतात, मसाला घरून वाटून आलेला असतो, आणि सायंकाळी काजळी धरलेली पातेली ज्या हातांकडे जातात ते हात सहसा त्याचे नसतात. सहा दिवस जी स्वयंपाक करते तिची कोणी वाहवा करीत नाही. सातव्या दिवशी जो करतो त्याची छायाचित्रे निघतात. हौसेतील दोष आम्हांस येथे दिसतो. दुसऱ्याचे काम करणे हा अपराध नव्हे. त्याची मजा आपण घेऊन त्याचा मळ ज्याचा त्यास परत करणे, हा अपराध होय.

आता त्या मुक्या जिवाविषयी. आमच्या पानात मांस येत नाही. पण एवढ्यावरून आम्हांस न्यायासनावर बसण्याचा अधिकार मिळतो असे नाही. ज्याचा रोडगा तुपात बुडतो त्याने गोठ्यातील गोऱ्ह्याचे पुढे काय होते हा प्रश्न स्वतःस विचारलेला बरा. महाभारताच्या वनपर्वात कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण धर्म शिकण्यासाठी मिथिलेतील एका मांसविक्रेत्याकडे जातो, ही कथा प्रसिद्धच आहे. तो धर्मव्याध त्यास सांगतो की, मी स्वतः मारीत नाही व खातही नाही. हा माझा कुळधर्म आहे. आणि नांगर चालविणाराही जमिनीतील असंख्य जीव मारतोच. या उत्तरातील युक्तिवादापेक्षा त्यातील वृत्ती आम्हांस मोलाची वाटते. मांसाच्या ढिगापुढे बसूनही तो मांसाची किंमत विसरलेला नाही. आमच्या हौशी मित्राची स्थिती याच्या नेमकी उलट आहे: तो खातो, परंतु मारल्याचे त्यास आठवत नाही.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचविलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात शुलावर भाजलेल्या मांसाचे प्रकार बारकाईने वर्णिले आहेत. तो राजा काही अहिंसावादी नव्हता. तरी त्याने अन्न हा विषय ‘उपभोगा’त घातला आणि मृगया ‘विनोदा’त घातली, भोजन आणि करमणूक यांची प्रकरणे त्याने निराळी ठेवली. आमच्या रविवारने ही दोन्ही प्रकरणे एकत्र शिवली आहेत. भुकेने मारणारास निसर्गाची सबब आहे. करमणुकीसाठी मारणारास ती नाही, आणि म्हणून त्याच्यावर जबाबदारी अधिक आहे. चार्ल्स लॅम या इंग्रज निबंधकाराने भाजलेल्या डुकरावर एक विनोदी निबंध १८२२ साली लिहिला. त्यात एका चिनी पोराच्या हातून घर जळते, आतील डुकराची पिले भाजून निघतात, आणि त्यांची चव कळल्यावर गावचे लोक भाजलेले डुक्कर खावेसे वाटले की घरे पेटवू लागतात. आम्ही हसतो, परंतु त्या लोकांचे घर निदान त्यांच्या डोळ्यांदेखत जळत होते. आमच्या चवीपायी कोठे काय जळते हे आम्हांस दिसत नाही, आणि आम्ही ते पाहावयास जातही नाही.

तर मग कसोटी कोणती? ती आमच्या मते आमच्या मातीतच पडलेली आहे. वऱ्हाड-नागपूर प्रांती रोडग्यांचा कार्यक्रम पुष्कळदा नवसाचा असतो. शेतात किंवा देवळापुढे गोवऱ्या रचल्या जातात, कणकेचे गोळे आरात पुरले जातात. पुष्कळ ठिकाणी पुरुषच कणीक मळतात, पुरुषच राख झटकतात आणि पुरुषच वाढतात. त्यात मौज नसते असे नाही, भरपूर असते. परंतु त्या मौजेचा मध्यबिंदू भाजणारा नसून जेवणारा असतो. चुलीपुढे रोज बसणारी त्या दिवशी पंगतीत बसते. तेथे करमणूक ही कामाची थट्टा होत नाही, कामाची फेड होते.

हाच न्याय रविवारच्या चुलीस लावावा. ज्याने आपल्या हाताने लाकडे आणली, बोकड कोठून आला व कसा मारला गेला हे ज्याने पाहिले आणि पाहूनही ज्याचा हात आखडला नाही, ज्याने रोजच्या रांधणारीस आधी वाढले, आणि शेवटी राख भरून पातेली स्वतः घासली, त्याच्या सुखास आम्ही नाव ठेवणार नाही. आमचे आणि त्याचे अन्न निराळे असले तरी नाही. पाहिल्यावर ज्याचा हात आखडेल, त्यास हौसेने काही तरी शिकविले असे आम्ही समजू. परंतु ज्यास यांतील काहीच न करता केवळ धुराचा वास हवा आहे, तो चूल पेटवीत नसून दुसऱ्याच्या आयुष्याचा एक तुकडा चवीसाठी भाजून घेत आहे.

सुख हे जुन्या गरजेचे अपत्य आहे, असे आम्ही आरंभी म्हटले. अपत्याने आईबापांसारखे दरिद्री राहावे असा कोणाचाही आग्रह नाही. त्याने त्यांची ओळख नाकारू नये, एवढीच अपेक्षा. आणि जोवर शेजारच्या घरात त्या गरजेचा धूर अजून डोळ्यांत जात आहे, तोवर ही अपेक्षा फार मोठी आहे असे आम्हांस वाटत नाही.