बादलीचे माप आणि शेजाऱ्याचा हक्क



सोलापूरकरांना पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. भीमेवरील उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात असले, तरी शहरातील नळांना पाणी काही दिवसांआड येते. त्या दिवशी पिंप, हंडे, घागरी, बादल्या, इतकेच काय पातेलीही भरून ठेवली जातात. पुढचे पाणी येईपर्यंत स्वयंपाक, धुणीभांडी, आंघोळ आणि वुजू त्यावरच भागवायचे असते.

मागील उन्हाळ्यात आमच्या मशिदीच्या दाराशी एक वृद्ध भगिनी रिकामी घागर घेऊन आल्या. त्यांचा क्रमांक येण्याआधीच गल्लीतील नळ गेला होता. मशिदीची टाकी पाहिली, तर तीही कोरडी. त्या काही न बोलता परतल्या. दुसऱ्या दिवशी मी वुजूखान्यात नळाखाली पंधरा लिटरची बादली ठेवून नेहमीप्रमाणे वुजू केला. बादली निम्म्याहून अधिक भरली. इसराफवर, म्हणजे उधळपट्टीवर, मिंबरवरून बोलणाऱ्या माझेच हे माप होते.

हजरत अनस (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिम या हदीससंग्रहांत नोंद आहे की, प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल करीत. मुद्द म्हणजे मध्यम माणसाची दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. चार मुद्दांचा एक साअ. आजच्या मापात फुकहांचे मतभेद आहेत. तरी मुद्द एका लिटरच्या आतबाहेर आणि साअ सुमारे अडीच ते साडेतीन लिटर धरला जातो. हजरत जाबिर (रजि.) यांना एकाने म्हटले की, एवढे पाणी मला पुरत नाही. त्यावर त्यांनी उत्तर दिले की, ज्यांचे केस तुझ्यापेक्षा दाट होते आणि जे तुझ्याहून श्रेष्ठ होते, त्यांना ते पुरत असे.

हे माप सक्तीचे नाही. अवयव कोरडा राहिला तर वुजू होत नाही. तेव्हा गरजेपुरते पाणी घ्यावेच. प्रश्न गरजेपलीकडच्या पाण्याचा आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये अल्लाहने आधी नातलग, गरजू व वाटसरू यांचा हक्क देण्यास सांगितले आणि लगेच उधळपट्टीस मनाई केली. हा क्रम ध्यानात घ्या: जे आपण उधळतो, त्यात कोणाचा तरी हक्क असतो. चाळीस नमाजींनी प्रत्येकी सहा लिटर वाचवले, तर एका नमाजच्या वेळी २४० लिटर, म्हणजे तशा सोळा बादल्या उरतात. त्या भगिनींना एकच घागर हवी होती.

मदीनेतील रूमा विहीर हजरत उस्मान (रजि.) यांनी विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. मालक झाल्यावरही त्यांची बादली इतरांच्या बादल्यांच्या बरोबरीचीच राहिली. तिर्मिजीतील एका हदीसनुसार आपल्या बादलीतून भावाच्या बादलीत पाणी ओतणे हादेखील सदका आहे. विहीर विकत घेण्याची ऐपत प्रत्येकाकडे नसते, बादली मात्र प्रत्येक घरात असते.

म्हणून आजच एक काम करा. लिटरची बाटली भरून घरच्या बादलीत ओता आणि दर पाच बाटल्यांनंतर न पुसणारी रेघ ओढा. मुलांना ती रेघ दाखवा. वुजू शक्यतो नळ सोडून तांब्याने किंवा बधन्याने करा. धुण्याचे शेवटचे पाणी फरशीला वापरा. पाण्याच्या दिवशी आपली भांडी भरली की शेजारी विचारा, तुमचे भरले का?

आमच्या वुजूखान्यात आता तांबे ठेवले आहेत आणि टाकीचा एक नळ गल्लीकडे काढला आहे. त्या भगिनींची घागर आता तिथे भरते. परंतु त्या दिवशीच्या रिकाम्या घागरीचा जाब माझ्याकडे राहिलाच आहे.

अल्लाह आपल्याला मापाने वापरण्याची आणि सढळ हाताने देण्याची तौफिक देवो. आमीन.