संग्रह, विक्री आणि विसर्जन

माणूस वस्तू जमवू लागतो तेव्हा त्याला कोणी कारण विचारत नाही. त्याच वस्तू तो विकायला काढतो तेव्हा मात्र आप्तस्वकीयांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांना कारण हवे असते. संग्रह ही स्वयंसिद्ध गोष्ट आणि विक्री हे स्पष्टीकरण मागणारे कृत्य, असा एक संकेत समाजमनात रुजलेला आहे. या संकेताच्या मुळाशी काय आहे आणि तो नीतीच्या कसोटीवर कितपत टिकतो, हा प्रश्न वरकरणी दिसतो तेवढा किरकोळ नाही. संग्रह बाहुल्यांचा असेल तर तो अधिकच बिकट होतो. बाहुलीला चेहरा असतो, आणि चेहरा असलेली वस्तू केवळ वस्तू म्हणून हाताळणे माणसाला जड जाते. जुनी नाणी विकणाऱ्याला नाण्यांकडे पाहताना सहसा अपराधी वाटत नाही. बाहुल्या विकणाऱ्याला वाटते.

बंगळुरूसारख्या नगरात हा प्रश्न विशेष ठळकपणे उभा राहतो. जुन्या म्हैसूर संस्थानाच्या प्रदेशात नवरात्रात घरोघरी बाहुल्या मांडण्याची प्रथा आहे. कन्नड भाषेत तिला ‘बोंबे हब्ब’ म्हणतात, तमिळ भाषेत ‘कोलू’. विषम संख्येच्या पायऱ्या रचून त्यांवर शुभ्र वस्त्र अंथरतात. मानाच्या जागी कलश आणि ‘पट्टद गोंबे’, म्हणजे राजाराणीची लाकडी जोडी. ही जोडी मुलीला लग्नात माहेरहून मिळते. मग देवदेवता, दशावतार, साधुसंत, लग्नाची वरात. आणि खालच्या पायरीवर धान्याच्या राशी मांडून बसलेले वाणी व वाणीण. दरवर्षी निदान एक नवी बाहुली या परिवारात यावी असा संकेत आहे. चैत्रगौरीपुढे पायऱ्यांची आरास मांडून हळदीकुंकू करणाऱ्या मराठी घराला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. व्यंकोजी भोसल्यांनी तंजावरला राज्य स्थापिल्यानंतर दक्षिणेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी तर ती आपलीशीच केली.

वर्षाला एक बाहुली हा हिशेब लहान दिसतो; पण सासूकडून सुनेकडे येता येता त्याचे ओझे होते. चन्नपट्टणची लाखकाम केलेली लाकडी चित्रे, कोंडपल्लीचे हलक्या लाकडाचे ग्रामजीवन, मान डोलावणारी तंजावरची नर्तकी, मातीच्या आणि कागदाच्या लगद्याच्या असंख्य मूर्ती अशा शेकडो बाहुल्या ट्रंकांतून आणि खोक्यांतून जुन्या धोतरांच्या चिंध्यांत गुंडाळून ठेवलेल्या असतात. अशा एखाद्या घराची कल्पना करावी. बसवनगुडीतला किंवा मल्लेश्वरममधला जुना बंगला पाडून तेथे सदनिका उभ्या राहिल्या आहेत. मुले परदेशी आहेत. घरात एकटी राहिलेली वृद्धा आहे. ती एके दिवशी ठरवते, की बाहुल्या विकाव्यात. नातीच्या मदतीने एकेका बाहुलीचे छायाचित्र काढले जाते, उंची मोजली जाते, तडा असल्यास तसे नमूद केले जाते आणि महाजालावर किंमत लावली जाते. बातमी कुटुंबात पसरते, आणि ज्यांनी वर्षानुवर्षे त्या ट्रंका उघडलेल्या नसतात, त्यांच्या मनात एकाएकी कुलपरंपरेचा कळवळा दाटून येतो.

या कळवळ्यातून येणारे आक्षेप तपासून पाहण्यासारखे आहेत. पहिला आक्षेप असा, की जे पूजेच्या संदर्भात मांडले गेले त्याला बाजार दाखवू नये. परंतु या बाहुल्या मुळात बाजारातूनच आलेल्या असतात. कोणा कुंभाराने, कोणा चित्रकाराने त्या पोटासाठी घडवलेल्या असतात आणि घासाघीस करून त्या विकत घेतलेल्या असतात. खालच्या पायरीवरचे वाणी-वाणीण हेच सांगतात. ज्या परंपरेने देवांच्या दरबारात दुकानदाराला तराजूसह सन्मानाने बसवले, तिला खरेदी-विक्री मूलतः अमंगळ वाटत होती असे म्हणता येणार नाही. ज्या नगरात हा प्रश्न उद्भवतो, त्या नगराचाही एकदा सौदा झाला होता. १६३८ मध्ये बंगळूर आदिलशाहीच्या ताब्यात आले आणि शहाजीराजांच्या जहागिरीत गेले. पुढे तंजावरला बसलेल्या व्यंकोजींना एवढ्या दूरच्या ठाण्याचा सांभाळ परवडेना, तेव्हा त्यांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांना तीन लाखांना विकण्याचे ठरवले, असे इतिहासकार सांगतात. तो सौदा पुरा होण्याआधी मोगल फौज तेथे पोहोचली. पण अखेर शहर वडियारांकडेच गेले. वडिलांची जहागीर पुत्राने विकायला काढली, ती अनादरामुळे नव्हे, अंतरामुळे. अंतर पडल्यावर सांभाळ अशक्य होतो, हा अनुभव राजांना आला तसा गृहिणींनाही येतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काही गोष्टींचे मोल पैशात होत नाही, म्हणून त्या विकू नयेत, असे तो सांगतो. यातले पूर्वपद खरे आहे. जगभर बाहुल्यांचे जे संग्राहक आहेत, त्यांचे गणित येथे उलटे होते. १९५९ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या बार्बीची जुनी प्रत जेवढी अस्पर्श, जेवढी आपल्या मूळ पेटीत बंद, तेवढी तिची किंमत अधिक. जिच्याशी कोणीच खेळले नाही ती बाहुली सर्वांत मौल्यवान! बोंबे हब्बाच्या बाहुलीचे मोल मात्र हात लागल्यामुळे वाढलेले असते. आजीने पिठाच्या खळीने सांधलेला कृष्णाचा हात, एका दसऱ्याला मुलाने सांडलेल्या तेलाचा डाग, रंग उडाल्यावर घरीच काढलेल्या भुवया हे सारे बाजाराच्या भाषेत दोष आहेत आणि घराच्या भाषेत इतिहास. विक्रीच्या नोंदीत ‘सदोष’ हा एकच शब्द लिहिताना त्या वृद्धेच्या मनाला जे लागते ते खोट्या भावुकतेचे नसते. दोन मूल्यव्यवस्थांच्या सीमेवर उभे राहिल्याचे ते दुःख असते.

मात्र या पूर्वपदातून ‘म्हणून विकू नये’ हा निष्कर्ष निघत नाही. पैशात मोल होत नाही याचा अर्थ एवढाच, की मिळालेली किंमत म्हणजे त्या वस्तूचे मोल असे कोणी समजू नये. शिक्षकाला वेतन मिळते, म्हणून ज्ञानाची किंमत ठरत नाही. खरेदीदाराने पैसे देऊन बाहुली नेली तरी त्या तेलाच्या डागाची आठवण त्याने नेलेली नसते. ती विकली जाऊच शकत नाही. जे विकता येत नाही ते विकले जाण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण संग्रहाविषयीच्या लेखनात तिचा उल्लेख क्वचित येतो. संग्रह आपोआप टिकत नाही. प्रत्येक नवरात्राआधी ट्रंका खाली काढणे, धूळ टिपणे, कसर लागली का पाहणे, पायऱ्या रचणे, नऊ दिवस आल्यागेल्याचे करणे आणि दसऱ्यानंतर प्रत्येक मूर्ती पुन्हा चिंधीत बांधणे ही मेहनत कोणाची? ती बहुधा घरातल्या बाईची असते आणि ती कोणत्याही हिशेबात धरली जात नाही. विक्रीला विरोध करणाऱ्यांमध्ये हे काम करणारे फार थोडे असतात. आपल्या भावनेचा खर्च दुसऱ्याच्या शरीरावर टाकणे ही गोष्ट परंपरानिष्ठेच्या नावाखाली सहज खपून जाते. सत्तरीच्या गुडघ्यांना स्टुलावर चढायला लावून जपलेली परंपरा ही चढणाऱ्याची निष्ठा असते. दुरून हळहळणाऱ्याला तिचे श्रेय घेता येत नाही. ज्याला संग्रह टिकावा असे वाटते त्याने तो उचलून न्यावा. जो नेणार नाही, त्याला विक्रीविषयी दुःख करता येईल. निषेध मात्र करता येणार नाही.

यावर एक मधला मार्ग सुचवला जातो तो दानाचा. विकण्यापेक्षा संग्रहालयाला द्यावे, म्हणजे हातही स्वच्छ राहतात. या मार्गाची उज्ज्वल उदाहरणे आहेत. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजेच दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये अशा दैनंदिन जीवनातल्या हजारो वस्तू आयुष्यभर जमवल्या, अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांनी देशोदेशींच्या बाहुल्या जमवून १९६५ मध्ये खास बाहुल्यांचे संग्रहालय उभारले. पण या दोन्ही ठिकाणी संग्राहकाचे आयुष्यच संस्थेला लागले होते. प्रत्येक घरातला संग्रह स्वीकारणे कोणत्याही संग्रहालयाला शक्य नसते, आणि स्वीकारलेल्या वस्तूंपैकी पुष्कळशा कोठारातल्या अंधारात राहतात. फ्रेंच लेखक एदमों द गाँकूर १८९६ मध्ये वारला. आपल्या वस्तू संग्रहालयाच्या थंड थडग्यात न पुरता त्यांचा लिलाव व्हावा आणि त्या मिळवताना आपल्याला झालेला आनंद आपल्यासारख्याच अभिरुचीच्या कोणाला तरी पुन्हा मिळावा, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. या इच्छेत विक्रीचे एक अनपेक्षित समर्थन आहे. दान घेणारा कित्येकदा संकोचाने घेतो. पदरचे पैसे मोजून विकत घेणाऱ्याला ती वस्तू खरोखर हवी असते.

महाजालावरच्या विक्रीचेही याच दृष्टीने मूल्यमापन झाले पाहिजे. तिच्यात विक्रेता आणि ग्राहक एकमेकांना अनोळखी राहतात, हा तिचा दोष उघड आहे. पूर्वी मात्र नको झालेल्या बाहुल्या जुन्या बाजारात किंवा रद्दीवाल्याकडे जात, तेथे त्यांना ओळखणारा कोणी भेटेलच असे नसे. आज दूरच्या गावातली नवी सून, जिच्या माहेरी ही रीत होती आणि सासरी नव्हती, ती पडद्यावर ती नर्तकी पाहून ओळखू शकते.

म्हणून ‘विकावे की नाही’ यापेक्षा ‘कसे विकावे’ हाच खरा नैतिक प्रश्न ठरतो. वारशाने आलेल्या वस्तूचा धनी हा काही अंशी विश्वस्त असतो, असे गांधीविचार सांगतो. कायदाही ते मर्यादेपुरते मान्य करतो: पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, मग परदेशी ग्राहक कितीही किंमत देवो. विश्वस्ताची इतर कर्तव्ये मात्र कायद्याच्या पलीकडची आहेत. वाण्याला एकीकडे आणि वाणिणीला दुसरीकडे धाडू नये. दशावतारातले देखणे तेवढे वेगळे काढून उरलेले उघडे पाडू नयेत. दोष लपवू नये. पण तो कशामुळे आला तेही दोन ओळींत लिहून सोबत द्यावे. आणि राजाराणीची जोडी विकू नये, कारण ती संग्रहात मोडत नाही. ती एका आईने एका मुलीला दिलेली आहे आणि तिला पुढची मुलगी शोधायची आहे.

दसऱ्याच्या रात्री या परंपरेत एक लहानसा विधी असतो. मांडलेल्या बाहुल्यांपैकी एक हलक्या हाताने आडवी करून निजवतात. तिच्या निजण्याबरोबर सर्व दरबार निजला असे मानले जाते आणि दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरवायला मोकळीक मिळते. मांडणे जेवढे विधिपूर्वक, उतरवणेही तेवढेच, हे या प्रथेने फार पूर्वी ओळखले होते. त्या वृद्धेने शेवटच्या वर्षी सर्व बाहुल्या एकदा मांडाव्यात, त्यांतली एक निजवावी आणि मग खोकी बांधून टपालाने पाठवावीत. कोठल्या तरी घरी पुढच्या अश्विनात ती बाहुली उभी केली जाईल. तिला उभे करणारे हात वेगळे असतील, एवढेच.