स्काऊटचे वचन आणि ईश्वराविषयीचे कर्तव्य

स्काऊट चळवळीत येणारी मुले तंबू ठोकायला, दोरीच्या गाठी मारायला, होकायंत्र आणि नकाशा यांच्या आधाराने वाट काढायला आणि उघड्यावर चूल मांडून आपले जेवण आपण रांधायला शिकतात. परंतु या साऱ्या उद्योगाच्या मुळाशी एक वचन आहे आणि ते दिल्याशिवाय कोणालाही रीतसर स्काऊट म्हणवून घेता येत नाही. ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ या संस्थेच्या वचनात ईश्वराविषयीचे आणि देशाविषयीचे कर्तव्य शक्य तितक्या प्रयत्नाने पार पाडणे, इतरांना मदत करणे आणि स्काऊट नियम पाळणे यांची प्रतिज्ञा असते. यांपैकी मदतीचा आणि नियमांचा अर्थ बारा-तेरा वर्षांच्या मुलाला शिबिराच्या पहिल्याच दिवशी कळू लागतो. ईश्वराविषयीच्या कर्तव्याचे तसे नाही. ज्याच्या अस्तित्वाची मुलाला अजून खात्री पटलेली नाही, किंवा ज्याच्याविषयी त्याने स्वतः कधी विचारच केलेला नाही, त्याच्याप्रती कर्तव्याचे वचन त्याच्याकडून घेणे कितपत उचित आहे, आणि रानावनातले शिबिरजीवन त्या वचनाला काही आधार पुरवू शकते का, हे दोन प्रश्न वरवर दिसतात त्याहून खोल आहेत.

चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांना या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी वाटत होते. त्यांनी 1907 च्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या ब्राउन्सी बेटावर सुमारे वीस मुलांचे पहिले शिबिर भरवले, पुढच्याच वर्षी ‘स्काउटिंग फॉर बॉईज’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्यातील वचनात ईश्वर आणि राजा यांच्याविषयीच्या कर्तव्याला पहिले स्थान दिले. धर्म हा चळवळीला बाहेरून जोडलेला विषय नसून तीच तिची बैठक आहे, असे ते पुढे आग्रहाने सांगत राहिले, आणि निसर्गाचे निरीक्षण ही ईश्वराला जाणण्याची पायरी आहे, असा त्यांचा विश्वास होता. या विश्वासाला त्यांच्या घरातच एक पूर्वपीठिका होती. त्यांचे वडील बेडन पॉवेल हे धर्मोपदेशक आणि ऑक्सफर्ड विद्यापीठात भूमितीचे प्राध्यापक होते, आणि 1860 मध्ये इंग्लंडमध्ये मोठे वादळ उठवणाऱ्या ‘एसेज अँड रिव्ह्यूज’ या निबंधसंग्रहाच्या सात लेखकांपैकी ते एक होते. निसर्गाचे नियम कोठेही खंडित होत नाहीत, ही अखंड सुसंगतीच ईश्वराची खरी साक्ष आहे, आणि नियमभंग करणाऱ्या चमत्कारांवर श्रद्धा आधारणे म्हणजे त्या साक्षीलाच उणेपणा आणणे आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. त्याच वर्षी ते निवर्तले; रॉबर्ट तेव्हा अवघे तीन वर्षांचे होते, त्यामुळे हा विचार वडिलांच्या तोंडून मुलाला मिळाला असे म्हणता येत नाही, तरीही वडिलांची भूमिती आणि मुलाची रानवाट यांच्या मागे असलेली श्रद्धा एकाच जातीची आहे, हे लपत नाही.

या श्रद्धेला तत्त्वज्ञानात निसर्गाधिष्ठित ईश्वरविद्या म्हणतात, म्हणजे शास्त्रग्रंथाचा किंवा साक्षात्काराचा आधार न घेता सृष्टीच्या रचनेवरून तिच्या कर्त्याचे अनुमान करणारा विचार. विल्यम पेली यांनी 1802 मध्ये याच विचाराची प्रसिद्ध मांडणी केली होती आणि त्याच्या वीसेक वर्षे आधी डेव्हिड ह्यूम यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या संवादांनी त्या विचाराला छेदही दिला होता. सृष्टीतील सुव्यवस्थेवरून दयाळू कर्ता सिद्ध करायचा, तर तिच्यातील क्रौर्यही त्याच कर्त्याच्या खात्यावर मांडावे लागते, ही त्यातील मुख्य अडचण आहे. शिबिरातल्या मुलाला ती पुस्तकाशिवाय कळते. निरभ्र रात्री माळावर पडून आकाशगंगा पाहताना जो मुलगा भारावून जातो, त्याच्याच तंबूत दुसऱ्या रात्री पावसाचे पाणी शिरते, विंचू निघतो, शेकोटी विझते, आणि कालच्या आकाशाने दिलेला पुरावा आजच्या चिखलात टिकत नाही. ज्याची श्रद्धा केवळ सुंदर दृश्यावर उभारलेली असेल, त्याची श्रद्धा हवामानावर अवलंबून राहील.

तरीही त्या भारावून जाण्याला काहीच अर्थ नाही, असे म्हणणे उथळपणाचे होईल. इमॅन्युएल कांट यांनी 1790 मध्ये उदात्ताची मीमांसा केली. उदात्त म्हणजे ज्याच्या विराटपणापुढे किंवा सामर्थ्यापुढे आपली इंद्रिये आणि कल्पना थिटी पडतात असे काही, उदाहरणार्थ वादळ, कडा, खवळलेला समुद्र. त्यांच्या मते अशा अनुभवातील खरी थोरवी समुद्रात किंवा कड्यात नसते. शरीराने आपण क्षुद्र आहोत हे पटत असतानाच आपल्यात निसर्गाच्या बळाने न वाकणारे एक नैतिक सामर्थ्य आहे, याची जी जाणीव होते, तिच्यात ती असते. मात्र कांट यांनी एक अट घातली होती: पाहणारा सुरक्षित जागी असला पाहिजे, कारण भयाने ग्रासलेल्याला उदात्ताचा प्रत्यय येत नाही. शिबिराचे वैशिष्ट्य नेमके येथे आहे. तंबूतला मुलगा घरातल्यासारखा सुरक्षित नसतो आणि संकटात सापडलेल्यासारखा असहायही नसतो; त्याची सुरक्षितता त्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या हातच्या कामावर ठरते. तंबूभोवती चर खणला असेल तर पाणी आत येणार नाही, खुंटी नीट ठोकली असेल तर वाऱ्याने कापड उडणार नाही, पहाऱ्याची पाळी असलेला जागा राहिला तर बाकीचे निर्धास्त झोपतील. विराटाची जाणीव आणि कर्तव्याची जाणीव येथे एकाच रात्री, एकाच जागी येते, आणि दुसरीने पहिलीला वजन मिळते.

म्हणून शिबिराचा धर्मविचार शोधायचा, तर आकाशाइतकेच संघाकडेही पाहिले पाहिजे. संघ म्हणजे सहा ते आठ मुलांची तुकडी. त्यांच्यातलाच एक संघनायक असतो आणि स्वयंपाक, पाणी, सरपण, स्वच्छता ही कामे ते आपापसांत वाटून घेतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केलेला एक भेद येथे फार उपयोगी पडतो. रूढ अर्थाचा धर्म ही व्यक्तीची खाजगी बाब मानली जाते, तर धम्म मुळातच सामाजिक आहे. एकट्या माणसाला त्याची गरज नाही, पण दोन माणसे एकमेकांच्या संबंधात आली की त्यांना आवडो वा न आवडो, धम्माला जागा द्यावीच लागते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. एका तंबूत दोन मुले आणि कोरडे पांघरूण एकच, ही परिस्थिती या विधानाची कसोटी घेते. ते पांघरूण कोणाला द्यायचे हे ठरवताना सृष्टीच्या कर्त्याचा प्रश्न कोणी सोडवत बसत नाही, आणि तरीही जे ठरते ते नैतिक असते, आज्ञेपेक्षा खोल असते आणि मुलाच्या मनात पुढे अनेक वर्षे टिकते.

भारतात या वचनाचा इतिहास आणखी एका ताणातून गेला आहे. सुरुवातीला येथील स्काऊट पथके युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठीच होती. ॲनी बेझंट यांनी 1916 मध्ये मद्रासला भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभारली, 1918 मध्ये पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांच्या पुढाकाराने अलाहाबादला सेवा समिती स्काऊट संघटना सुरू झाली, आणि या देशी संघटनांपुढे खरा पेच ईश्वराचा नव्हे तर त्याच वाक्यात त्याच्या शेजारी बसवलेल्या राजाचा होता. परक्या राजाशी निष्ठा आणि ईश्वराशी निष्ठा एकाच श्वासात वदवून घेतली, की दुसरीचे पावित्र्य पहिलीला उसने मिळते; सत्तेने धर्माचा असा वापर जगभर केला आहे आणि मुलांची चळवळ त्यातून सुटली नाही. स्वातंत्र्यानंतर 7 नोव्हेंबर 1950 रोजी निरनिराळ्या संघटनांचे एकीकरण होऊन आजची संस्था अस्तित्वात आली, राजाच्या जागी देश आला, आणि ज्यांची इच्छा असेल त्यांनी ईश्वराऐवजी धर्म हा शब्द उच्चारावा, अशी मुभा वचनात ठेवण्यात आली.

ही मुभा म्हणजे केवळ सोयीची तडजोड आहे असे समजणाऱ्यांनी भारतीय दर्शनांचा इतिहास आठवावा. जैन आणि बौद्ध परंपरांनी सृष्टिकर्ता ईश्वर नाकारूनही कठोर आचारधर्म उभारला. वेदांच्या विधिवाक्यांचा अर्थ लावणारे पूर्वमीमांसा हे तर वैदिक दर्शन, पण कुमारिल भट्टांसारख्या तिच्या आचार्यांनी जगाचा निर्माता मानण्याची गरज नाकारली आणि कर्तव्य विधीच्याच बळावर उभे केले. मीमांसकांचे कर्तव्य यज्ञाचे आणि वर्णव्यवस्थेने बांधलेले होते, त्याचा स्काऊटच्या सेवाव्रताशी मेळ घालता येणार नाही. पण ईश्वर न मानताही कर्तव्य पूर्ण गांभीर्याने मानता येते, हे या भूमीत शतकानुशतके मान्य झालेले सत्य आहे. महाराष्ट्रात तर हा प्रश्न जिवंत आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. आंबेडकर यांनी अनुयायांसह नागपूरला घेतलेल्या धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांत ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची प्रतिज्ञा आहे. ही प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या मुलाला वचनातील मुभा सांगितलीच गेली नाही, तर आईवडिलांनी निष्ठेने घेतलेली प्रतिज्ञा आणि शाळेच्या मैदानावर घेतलेले वचन यांच्यात त्याला नकळत अडकवल्यासारखे होते.

इतर देशांनी वेगळे मार्ग धरले. अमेरिकेतील स्काऊट संघटनेने ईश्वराविषयीच्या कर्तव्यावर ठाम आग्रह धरला, आणि ते मान्य न करणाऱ्याला प्रवेश नाकारण्याच्या तिच्या भूमिकेला 1993 मध्ये तेथील एका फेडरल अपील न्यायालयाने कायद्याच्या दृष्टीने आडकाठी केली नाही. ब्रिटनमधील मुलींच्या गाईड संघटनेने 2013 मध्ये वचनातून ईश्वराचा उल्लेख काढून स्वतःशी प्रामाणिक राहण्याची आणि आपल्या श्रद्धांचा विकास करण्याची प्रतिज्ञा स्वीकारली, तर तेथील स्काऊट संघटनेने मूळ वचन कायम ठेवून ईश्वर न मानणाऱ्यांसाठी पर्यायी वचन दिले. या तिन्हींत शेवटचा मार्ग सर्वांत समंजस आहे. अमेरिकन भूमिकेत वचनाची गल्लत श्रद्धाकथनाशी होते: अमुक सत्य आहे असे मी मानतो, हे श्रद्धाकथन; अमुक करण्याचा मी प्रयत्न करीन, हे वचन. पहिले चौदाव्या वर्षी मागणे म्हणजे मुलाला दांभिकपणाचा पहिला धडा देणे होय. गाईड संघटनेच्या बदलात दांभिकता टळते, ही मोठी जमेची बाजू आहे. परंतु कर्तव्याचे केंद्र स्वतःकडे वळल्याने त्या वयात सर्वाधिक गरज असलेली गोष्ट, म्हणजे आपल्याहून मोठ्या कशापुढे तरी आपण उत्तरदायी आहोत ही जाणीव, दुबळी होते. पंधरा वर्षांच्या मुलाचे ‘स्व’ अजून घडत असते. घडणीत असलेल्या गोष्टीलाच मोजमाप मानता येत नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: श्रद्धा नसलेल्या मुलाकडून वचन घेणे अनुचित नाही, जर ते प्रयत्नाचे वचन म्हणून घेतले जात असेल, आणि जर त्यातील निवड त्याला खरोखर करू दिली जात असेल. दुसरी अट आपल्याकडे पुष्कळदा पाळली जात नाही. पथकाला रांगेत उभे करून वचन एका सुरात म्हणवून घेतले जाते, सर्वधर्म प्रार्थना पाठांतरासारखी उरकली जाते, आणि ईश्वर की धर्म या निवडीचा उच्चारही होत नाही. मुभा नियमपुस्तकात राहते आणि मुलापर्यंत पोहोचत नाही. स्काऊट मास्तर आणि गाईड कॅप्टन यांच्या हातात यावरचा उपाय आहे. दीक्षाविधीच्या आधी मुलाला निदान एक रात्र शिबिरात काढू द्यावी, त्याच्या वाट्याला पहारा आणि स्वयंपाक येऊ द्यावा, वचनातील दोन्ही पर्याय त्याला सोप्या शब्दांत समजावून सांगावेत, त्याच्या शंकेला उद्धटपणा समजू नये, आणि अजून तयार नाही असे तो म्हणाला तर पुढच्या शिबिरापर्यंत त्याची वाट पाहावी.