सोनेरी परांचा चपराशी

माझे वडील, अण्णा, कलेक्टर कचेरीत पट्टेवाले होते. खांद्यावरून तिरपा जाणारा लाल पट्टा आणि त्यावर पितळेचा बिल्ला. रविवारी दुपारी ओसरीवर बसून ते चिंचेच्या कोळाने बिल्ला घाशीत आणि घासता घासता रामरक्षा म्हणत. संस्कृत त्यांना येत नव्हतं. आजीच्या तोंडून ऐकून पाठ झालेलं ते स्तोत्र. एके ठिकाणी दोन शब्द एकमेकांत मिसळून तिसराच शब्द तयार झाला होता. तो कुठल्याही कोशात सापडायचा नाही. आठवीत माझं संस्कृत सुरू झालं आणि चारच महिन्यांत मी अण्णांना तो शब्द सुधारून दिला. त्यांनी मान हलवली. त्यानंतर माझ्यादेखत त्यांनी रामरक्षा मोठ्याने कधी म्हटली नाही.

पुढे मी तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं. एडवर्ड लिअरच्या नॉन्सेन्स कविता शिकवताना अण्णांचा तो बिल्ला आठवल्याशिवाय राहत नसे.

लिअर १८१२ साली लंडनच्या हॉलोवेमध्ये जन्मला. एकवीस भावंडांतला विसावा. त्याला वाढवलं थोरल्या बहिणीने. लहानपणापासून त्याला फेफरं यायचं. ते त्याने जन्मभर लोकांपासून लपवलं आणि रोजनिशीत फुल्या मारून त्याची नोंद ठेवली. पोटासाठी पोपटांची आणि निसर्गाची चित्रं काढली. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकच्या आमंत्रणावरून तो १८७३ साली हिंदुस्थानात आला, आणि जुलै १८७४ मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात त्याची 'द कमरबंड' ही कविता छापून आली. त्या कवितेत कमरबंद हे एक हिंस्र जनावर आहे आणि ते एका बाईला गिळतं. ती बाई धोब्यावर बसून संध्याकाळची चांदणी बघते. तिच्या घराभोवती खानसामे झाडांसारखे उंच वाढले आहेत, आया शेंड्यावर बसल्या आहेत, भिश्ती पाखरांसारखे चिवचिवतात. आणि खाली नदीत सोनेरी परांचे चपराशी पोहताहेत.

इंग्लंडातल्या मुलाला हे सगळे नुसते नाद. मला मात्र त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कळत होता, आणि म्हणून कविता कळेना. पहिल्या वाचनात मला रागच आला. राबणाऱ्या माणसांची नावं घेऊन त्यांतली माणसं काढून टाकायची आणि रिकाम्या नावांशी खेळायचं, हे साहेबालाच परवडतं. हा राग चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. पण त्याच्याबरोबर एक प्रश्नही आला. निरर्थकपणा शब्दातच असतो की ऐकणाऱ्याच्या कानात? तोच नाद एकाला सोनेरी मासळी, दुसऱ्याला बाप. आणि रामरक्षा? ती अण्णांना कळत नव्हती म्हणजे नेमकं काय होत नव्हतं?

हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. वेदांतल्या शब्दांचा अर्थ लावणाऱ्या यास्काच्या निरुक्तात, पहिल्याच अध्यायात, कौत्साचं मत येतं की मंत्रांना अर्थच नाही. त्याचं एक कारण असं की मंत्रातले शब्द आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. एका शब्दाच्या जागी त्याच अर्थाचा दुसरा घालता येत नाही. यास्क उत्तर देतो की आंधळ्याला खांब दिसला नाही, तर तो खांबाचा अपराध नव्हे. शिकवण्याच्या ओघात मी नेहमी यास्काची बाजू घेत आले. पण लिअर वाचताना कौत्साचं कारण मला वेगळंच दिसू लागलं. ज्या शब्दाला पर्याय चालत नाही, तो निकामी कसा? अर्थ पोचला की साधा शब्द आपण टाकून देतो. मंत्राचं तसं होत नाही, आणि चांगल्या नॉन्सेन्स कवितेचंही नाही. एक अक्षर हलवा, ती मरते. तिथे शब्द निरोप्या नसतो, तो स्वतःच आलेला पाहुणा असतो.

नॉन्सेन्सचा दुसरा मोठा कवी लुईस कॅरॉल, म्हणजे ऑक्सफर्डचा गणिती चार्ल्स डॉजसन, डीकनची दीक्षा घेतलेला माणूस होता आणि पवित्र गोष्टींची थट्टा त्याला खपत नसे. 'द हंटिंग ऑफ द स्नार्क' या त्याच्या दीर्घकवितेची शेवटची ओळ त्याला आधी सुचली. तीही १८ जुलै १८७४ रोजी, लिअरची कविता मुंबईत छापली गेली त्याच महिन्यात. गिल्डफर्डच्या टेकडीवर तो एकटा फिरत होता, आणि त्या दिवसांत घरी क्षयाने आजारी असलेल्या आपल्या तरुण धर्मपुत्राची तो शुश्रूषा करत होता. त्या ओळीचा अर्थ तेव्हा आपल्याला कळला नव्हता, असं त्याने पुढे लिहिलं. कवितेचा अर्थ विचारणाऱ्यांनाही त्याने तेच सांगितलं, आणि कुणाला त्यात चांगला अर्थ सापडला तर तो आनंदाने मान्य केला. आजाऱ्याच्या उशाशी जागून आलेल्या माणसाच्या मनात अशी ओळ उतरते, याला मी पळवाट म्हणू शकत नाही.

इंग्रज निबंधकार चेस्टरटनने १९०१ च्या 'द डिफेंडंट'मध्ये नॉन्सेन्सची बाजू मांडताना नॉन्सेन्सचं नातं थेट श्रद्धेशी जोडलं. वस्तू समंजस वाटते तोवर ती आश्चर्याची होत नाही, असं त्याचं म्हणणं, आणि त्यासाठी तो बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकाकडे बोट दाखवतो. तिथे दुःखाने पोळलेला ईयोब देवाला जाब विचारतो आणि देव कारण देत नाही. शहामृग, रानगाढव, लिव्याथान अशी अजब सृष्टी त्याच्यापुढे उभी करतो. ईयोबाला उत्तर मिळालं नाही, पण तो एकटा राहिला नाही. मला चेस्टरटन इथे पटतो. रामरक्षेत डोक्यापासून पावलांपर्यंत एकेक अवयव रामाच्या हवाली केला जातो. अण्णांना अवयवांची नावं कळत नव्हती; हवाली करणं पक्कं कळत होतं.

लिअरला आमच्या चपराशांना सोनेरी पर का सुचले? मला वाटतं, त्याने तो बिल्ला उन्हात पाहिला असावा. 'चपराशी' हा शब्दच मुळी चपरास म्हणजे बिल्ला यावरून आला. चित्रकाराच्या नजरेला आधी ती लकाकी दिसली असेल.

निवृत्तीच्या दिवशी अण्णांनी पट्टा आणि बिल्ला कचेरीत जमा केला. आदल्या रात्री त्यांनी तो घासला, आणि माजघरात मी झोपले आहे असं समजून रामरक्षा म्हटली. तो शब्द आला. त्यांनी तो आपल्याच पद्धतीने म्हटला, जरा सावकाश. आता दिवेलागणीला मी म्हणते तेव्हा बरोबर शब्द मला माहीत असतो, आणि तोंडात अण्णांचा येतो. मी तो येऊ देते.